तारा लावून तब्येतीला खरंच काही मिळतं का?

प्रश्न एका ताईंचा आहे, थोडक्यात सांगते. मुलगी ११ वर्षांची, वरचे पुढचे दात बरेच बाहेर, डेंटिस्टनी तारा लावायला सांगितलंय. घरी सासूबाईंचं म्हणणं की दात चांगले घट्ट आहेत, दुखत नाहीत, कशाला पोरीला त्रास, लग्नाच्या वेळी बघू. ताईंचा स्वतःचाही त्रास आहे, वय ३९, खालचे दात एकमेकांवर चढलेत, तोंड मिटलं की खालचे दात दिसतच नाहीत आणि संध्याकाळ झाली की कानशिलं ठणकतात. त्यांना विचारायचंय की हे सगळं फक्त दिसण्यासाठी असतं की तब्येतीला काही खरा फायदा होतो.

मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे दातांची आणि जबड्याची ठेवण नीट करणारी डॉक्टर, कोल्हापुरात २२ वर्षं हेच काम करतेय आणि हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी माझ्यासमोर येतो. ताई, उत्तर कुणाच्या तोंडात काय आहे त्यावर ठरतं. काही तोंडांत चावा चुकीचा बसल्यामुळे रोज थोडं थोडं नुकसान चालू असतं, तिथे ट्रीटमेंट हा सरळसरळ तब्येतीचा विषय आहे. काही तोंडांत दोनचार दात वाकडे असतात पण सगळं मजेत चाललेलं असतं, तिथे तारा लावल्या तर त्या दिसण्यासाठी, आणि त्यात वाईट काही नाही, पण मग तसं सांगून लावाव्यात. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा, "हे असंच ठेवलं तर नक्की कुठल्या दाताचं, कुठल्या हिरडीचं काय बिघडेल ते मला आरशात दाखवा." बिघाड असेल तर तो आरशात नाहीतर एक्स-रेत दाखवता येतोच.

चावा म्हणजे काय ते आधी बघू, कारण बहुतेक लोक दात सरळ की वाकडे एवढंच बघतात. डब्याचं झाकण कसं डब्याच्या सगळ्या बाजूंनी जरा बाहेरून बसतं, तसे वरचे दात खालच्यांवर बसायला हवेत. पुढचे वरचे दात खालच्यांच्या २-३ मिलिमीटर पुढे, खालच्या दातांचा साधारण एक तृतीयांश भाग झाकणारे, आणि मागे दाढांचे उंचवटे समोरच्या दाढांच्या खाचांत. सहाव्या वर्षी जी पहिली कायमची दाढ येते ती आमची खूण, एडवर्ड अँगल या अमेरिकन डॉक्टरांनी १८९९ मध्ये तिच्यावरून चाव्याचे तीन वर्ग पाडले आणि आजही माझ्या प्रत्येक केसपेपरवर पहिली ओळ तीच असते. दात अगदी ओळीत असून चावा बिघडलेला असू शकतो, आणि एखाददुसरा दात वाकडा असून चावा झकास असू शकतो.

आता लेकीचं. वरचे दात पुढे असण्याचा सगळ्यात पक्का तोटा हा की पडल्यावर तेच आधी आपटतात. एरवी मूल तोंडावर पडलं तर ओठ मध्ये येतो, ओठ फुटतो आणि दात वाचतो, पण दात ओठांच्या बाहेर असले तर मध्ये यायला काही उरतच नाही. वरचे दात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पुढे असलेल्या मुलांत पुढच्या दातांना मार बसायचा धोका साधारण दुप्पट असतो, बरेच अभ्यास एकत्र करून काढलेला हा आकडा आहे. माझ्याकडे एक नऊ वर्षांचा पोरगा आला होता, गल्लीत क्रिकेट खेळताना पडलेला, आईनं दाताचा तुकडा रुमालात गुंडाळून आणलेला, आणि तोंडातल्या तिरक्या तुटलेल्या दातावर मधोमध एक गुलाबी ठिपका, म्हणजे नस उघडी पडलेली. त्याचे दात इतके पुढे होते की ओठ मिटायला जोर लावावा लागायचा आणि हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडायचे (लेकीला ओठ मिटायला सांगून हे तुम्हीही बघा). त्याचा दात आम्ही वाचवला, पण नवव्या वर्षी पुढच्या दाताचं मूळ पूर्ण तयार झालेलं नसतं, त्यामुळे ती ट्रीटमेंट नाजूक, पुढे मोठेपणी कॅप, मग काही वर्षांनी ती बदलायची, असं ते आयुष्यभर मागे लागतं. ज्या माउलीनं तो तुकडा मुठीत धरून आणला तिचा चेहरा मला अजून आठवतो.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला हात लावायचा नाही, घासायचा नाही, माती लागली असेल तर दुधानं किंवा स्वच्छ पाण्यानं क्षणभर खंगाळायचा आणि जमलं तर तिथल्या तिथे त्याच्या जागी बसवून स्वच्छ कापड हलकं चावून धरायला सांगायचं. नाहीच जमलं तर थंड दुधात टाकून अर्ध्या-एक तासाच्या आत डेंटिस्टकडे पोचायचं. कागदात गुंडाळून कोरडा आणलेला दात सहसा टिकत नाही. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

लेकीच्या बाबतीत वयाचा मुद्दा मोठा आहे. पुढे आलेल्या दातांसाठी सात-आठ वर्षांपासून दोन टप्प्यांत ट्रीटमेंट करायची की बारा-तेराच्या आसपास एकाच टप्प्यात, यावरचे प्रयोग कोक्रेनच्या (जगभरचे वैद्यकीय अभ्यास पारखणारी संस्था) आढाव्यात एकत्र तपासलेत, आणि निष्कर्ष असा की शेवटी चावा दोन्हीकडे सारखाच येतो, लवकर सुरू करण्याचा ठोस फायदा एकच, मधल्या वर्षांत दात फुटायचं प्रमाण कमी होतं. म्हणून आठ वर्षांच्या मुलाला बघून कुणी "आत्ताच करा नाहीतर हातचं जाईल" म्हणालं तर घाबरू नका, मूल फार धडपडं असेल, दात खूपच पुढे असतील किंवा शाळेत चिडवाचिडवीनं ते मिटून गेलं असेल तर मी लवकर घेते, नाहीतर थांबते. तुमची लेक ११ ची, म्हणजे वेळ अगदी योग्य आहे. मुलींची उंची वाढायचा जोर मुलांच्या आधी येतो, आणि पाळी सुरू होते तेव्हा त्या जोराचा वरचा टप्पा सहसा उलटून गेलेला असतो, म्हणून पाळी आली का हे आम्ही विचारतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दात पुढे दिसण्यामागे बऱ्याचदा खालचा जबडा मागे असतो, तसं असेल तर या वयात ट्विन ब्लॉकसारखं काढता-घालता येणारं उपकरण देता येतं, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी काढलेलं, वर एक तुकडा आणि खाली एक, दोन्हींच्या उतारामुळे तोंड मिटताना खालचा जबडा पुढेच यावा लागतो. जवळजवळ दिवसभर घालायचं, साधारण ९ ते १२ महिने, आणि नंतर तारा. यानं जबडा खूप वाढतो असं काही जण सांगतात, ते तसं नाही, जास्तीचा बदल दातांचा असतो, जबड्याचा थोडा, पण दोन्ही मिळून पुढे आलेले दात ओठांच्या आत येतात आणि आपल्याला तेच हवंय.

सासूबाईंचं चुकतं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या काळात दुखलं की डॉक्टर असंच होतं आणि पोरीची काळजी आहे म्हणूनच त्या बोलतात. त्यांना एवढंच सांगा की लग्नाच्या वयात जबडा वाढायचा थांबलेला असतो, तेव्हा चांगले दात काढून जागा करा नाहीतर जबड्याचं ऑपरेशन करा, असे रस्ते उरतात, आणि आज जे काढता-घालता येणाऱ्या उपकरणानं आणि तारांनी भागू शकतं ते तेव्हा भागणार नाही. आणि लेकीला एकटीला गाठून विचारा की वर्गात कुणी काही म्हणतं का. हसताना तोंडावर हात घेणारी कितीतरी मुलं मी बघितलीत, त्यांच्या आईबापांना तो हात सवयीचा झालेला असतो. तब्येतीत हेही धरा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण धाकटं भावंड असेल तर तीन गोष्टी बघा, कारण इथे वेळेवर केलेलं छोटं काम पुढचं मोठं काम वाचवतं.

पहिली गोष्ट क्रॉसबाइट, म्हणजे झाकण डब्याच्या आत गेलेलं. मुलाला हळूहळू तोंड मिटायला सांगा आणि नीट बघत राहा, आधी एकच दात टेकतो आणि मग अख्खा जबडा एका बाजूला घसरतो असं दिसलं तर थांबू नका. वाढत्या वयात जबडा वर्षानुवर्षं तसा घसरत राहिला तर तो वाकडाच वाढू शकतो, आणि मग चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या राहत नाहीत. वरची टाळू दोन हाडांची असते, मधली शिवण लहानपणी मऊ असते, तेव्हा स्क्रू असलेलं उपकरण बसवून घरच्या घरी किल्ली फिरवायची, एका फेऱ्याला पाव मिलिमीटर, आणि टाळू रुंद होते. यात पुढच्या दोन दातांत एकदम फट पडते, आया घाबरून रात्री फोन करतात, पण ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण आहे आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. वय वाढेल तशी ती शिवण पक्की होत जाते, मोठ्या माणसात हेच करायला हाडात स्क्रू नाहीतर ऑपरेशन लागतं. पुढचा एखादाच वरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकला असेल तरी दाखवा, कारण प्रत्येक घासाला तो खालच्या दाताला बाहेर ढकलतो आणि त्या एकाच दाताची हिरडी खाली सरकत जाते, शेजारच्या दातांशी ताडून बघितलं की लगेच कळतं. वेळेवर आणलं तर काही आठवड्यांत, फार तर दोनचार महिन्यांत साध्या प्लेटनं दात पुढे येतो आणि हिरडीही बरीच सुधारते, हे समाधान मला अजून नवीन वाटतं.

दुसरी गोष्ट सुळे. वरचे कायमचे सुळे ११-१२ व्या वर्षी येतात, पण दहाव्या वर्षी दुधाच्या सुळ्याच्या वर, ओठाच्या बाजूनं, हिरडीवरून बोट फिरवलं तर आत एक टेंगूळ हाताला लागायला हवं. एका बाजूला लागतंय आणि दुसऱ्या बाजूला नाही असं असेल तर एक्स-रे काढा. शंभरात एकदोघांचा सुळा वाट चुकतो, बहुतेकदा टाळूच्या बाजूला, आणि कधीकधी शेजारच्या दाताचं मूळ खाऊन टाकतो, आणि यात दुखत काहीच नाही म्हणून कळत नाही. वेळेवर लक्षात आलं आणि जागा असली तर नुसता दुधाचा सुळा काढल्यावर बऱ्याच मुलांचा कायमचा सुळा आपणहून वाटेवर येतो. उशीर झाला की हिरडी उघडून सुळ्याला साखळी लावून महिनोन्महिने ओढायचं.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी, दुधाच्या दाढा. "दुधाचेच आहेत, पडणारच आहेत" म्हणून कीड तशीच ठेवतात, मग पाचव्या-सहाव्या वर्षी ती दाढ काढावी लागते, आणि मागची सहा वर्षांची कायमची दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे सरकून बसते. दुधाची मागची दाढ १०-१२ वर्षांपर्यंत टिकायला हवी असते, ती खालच्या दातासाठी जागा राखून ठेवणारी आहे. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. रुमाल गेला की जागा गेली. दाढ काढावीच लागली तर स्पेस मेंटेनर बसवून घ्या, लहानसं कडं असतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि सहा वर्षांची दाढ सगळ्यांच्या मागे, कुठलाही दात न पडता गुपचूप येते, त्यामुळे निम्मे पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडून जाते. ही एक दाढ सांभाळली तरी पुढचं निम्मं काम हलकं होतं.

अंगठा चोखणं चार-पाच वर्षांपर्यंत सुटलं तर वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधली फट बऱ्याचदा आपोआप मिटते, म्हणून मारून-झोडून नाही, समजावून सोडवा. उघड्या तोंडानं श्वास घेणारं, रात्री घोरणारं मूल आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या, अ‍ॅडेनॉइड (नाकामागची वाढलेली गाठ) किंवा अ‍ॅलर्जी तशीच ठेवून मी कितीही तारा लावल्या तरी उपयोग नाही.

आता तुमचं स्वतःचं. तोंड मिटल्यावर खालचे दात दिसत नाहीत याला आम्ही डीप बाइट म्हणतो. एक काम करा, चांगल्या उजेडात छोटा आरसा तोंडात धरून वरच्या पुढच्या दातांच्या मागची हिरडी मोठ्या आरशात बघा. तिथे खालच्या दातांचे ठसे उमटलेत का, ओल्या मातीत नखं रुतवल्यासारखे? खालचे दात टाळूला टेकत असतील तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न उरत नाही, तिथली हिरडी प्रत्येक जेवणात चेपली जाते, कधी जखम होते, कधी वरच्या दातांच्या मागून हिरडी सुटायला लागते. माझे एक पेशंट, पन्नाशीचे, शेतकरी, भाकरी खाताना टाळूला टोचतं एवढंच सांगत आले होते, तोंड उघडलं तर खालच्या दातांची टोकं घासून बारीक पिवळ्या कडा उरलेल्या आणि टाळूवर चार दातांचे चार खड्डे. त्यांना दोन वर्षं तारा लावल्या, खालचे दात आत दाबले, दाढा थोड्या वर आणल्या, मग झिजलेल्या दातांवर सिमेंट चढवायला जागा मिळाली, आणि टाळू महिन्याभरात बरी झाली होती, बाकी काम चालू असतानाच. ठसे नसतील, झीज नसेल, हिरडी चांगली असेल तर मात्र तुमचा डीप बाइट तसाच ठेवून वर्षातून एकदा तपासत राहिलं तरी चालेल, हे मी तोंडावर सांगते पेशंटला.

कानशिलं ठणकतात त्याचं मी वेगळं लिहिते कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. "चावा चुकीचा आहे म्हणून डोकं दुखतंय, तारा लावा, जाईल" असं सांगणारे भेटतील. इतक्या वर्षांच्या अभ्यासांतून जे दिसतं ते असं, की तारा लावल्यानं जबड्याच्या सांध्याचं दुखणं सुरूही होत नाही आणि तारा लावून ते जाईल असं वचनही देता येत नाही. कानशिलावर जो स्नायू आहे तो दात आवळायचा स्नायू आहे, बोटं ठेवून दात आवळा, फुगलेला कळेल. संध्याकाळी दुखतं म्हणजे दिवसभर कामाच्या नादात दात आवळून बसत असाल ही शक्यता मोठी. जेवताना आणि गिळताना सोडलं तर दात एकमेकांना टेकायलाच नकोत, ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला हलकी. लॅपटॉपच्या कडेला, फ्रीजवर, स्कूटीच्या आरशावर लाल टिकली लावा आणि दिसली की दात सुटे करा. गरम शेक, काही दिवस मऊ जेवण, च्युइंगम बंद, गरज पडली तर रात्रीसाठी साधा स्प्लिंट, म्हणजे दातांवर चढवायचा प्लास्टिकचा साचा. चष्म्याचा नंबर, बीपी, मायग्रेन हेही तपासून घ्या. आणि कुणी चावा जुळवायला म्हणून चांगले दात घासून कमी करायला निघालं तर नाही म्हणा, घासलेला दात परत येत नाही.

खालच्या गर्दीबद्दल. अक्कलदाढ मागून ढकलते म्हणून पुढचे दात वाकडे होतात हे खूप ऐकलं असेल, पण अक्कलदाढा नसलेल्या माणसांचेही खालचे दात वयानं गर्दी करतातच, त्यामुळे फक्त तेवढ्यासाठी दाढ काढू नका. गर्दीच्या दातांत ब्रश नीट पोचत नाही हे खरं, खालच्या पुढच्या दातांच्या मागे तर लाळेच्या ग्रंथीचं तोंडच आहे म्हणून किटण तिथेच जास्त साचतं. दात ओळीत आले की साफ करणं सोपं होतं, पण नुसते ओळीत आल्यानं हिरडीचा आजार टळतो किंवा कीड थांबते असा भक्कम पुरावा नाही, ब्रश तुमच्याच हातात आहे. एक मात्र लक्ष देऊन आठवा, तुमचे दात पहिल्यापासून असे आहेत की गेल्या पाच-सात वर्षांत सरकलेत? "पूर्वी फट नव्हती, आता पडली" हे वाक्य ऐकलं की मी तारांचं बोलतच नाही, आधी हिरडी मोजते (दात आणि हिरडी यांच्यातली खाच किती खोल आहे ते), कारण मोठ्या वयात दात पसरायला लागणं हे बऱ्याचदा दाताभोवतीचं हाड कमी झाल्याचं लक्षण असतं. सुजलेल्या हिरडीवर तारा लावल्या तर उरलेलं हाडही जातं. आधी हिरडीची ट्रीटमेंट, मग तारा, हा क्रम बदलायचा नाही. डायबिटीस असेल तर साखर ताब्यात हवी, आणि हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या-इंजेक्शन चालू असतील तर आवर्जून सांगा, त्यातली काही औषधं दात सरकण्याच्या प्रक्रियेवरच परिणाम करतात.

ती प्रक्रिया थोडक्यात अशी, दात आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटरचा मऊ पडदा असतो, तारेनं हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरतं, महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणूनच दीड-दोन वर्षं लागतात आणि म्हणूनच जोर वाढवून घाई करता येत नाही, जास्त जोरानं मुळं झिजतात.

पचन सुधारतं, पाठीचा कणा सरळ होतो, प्रतिकारशक्ती वाढते, असलं काही ऐकलं तर सोडून द्या. तोंड मिटल्यावर पुढच्या वरच्या-खालच्या दातांत मोठी फट राहत असेल तर भाकरीचा तुकडा किंवा पेरू पुढच्या दातांनी तोडता येत नाही आणि ट्रीटमेंटनंतर तो तोडता येतो, हे खरं आणि माणसाला त्याचं फार अप्रूप असतं, पण शिजवलेलं अन्न पचायला तेवढ्यानं फरक पडत नाही. "स" बोबडा येत असेल तर कधी सुधारतो, कधी स्पीच थेरपिस्ट लागतो. घोरण्याचं उलटं भयही पसरलंय, की तारांसाठी दाढा काढल्या की श्वासाची जागा कमी होते आणि झोपेत श्वास अडकतो. अमेरिकेत २०१५ मध्ये साडेपाच हजारांवर लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात उपदाढा (सुळ्यामागच्या लहान दाढा, तारांसाठी सहसा याच काढतात) काढलेल्या आणि न काढलेल्या लोकांत असा फरक सापडला नाही. तुमच्या लेकीला दात काढावे लागतील का हे एक्स-रे आणि मापं बघूनच ठरेल, त्याला घाबरून ट्रीटमेंट टाळू नका.

तोटेही सांगायला हवेत. ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातांवर चिकटवलेल्या तुकड्यांच्या, भोवती अन्न अडकतं आणि ब्रश चुकला तर दातावर खडूसारखे पांढरे डाग पडतात, ते तारा काढल्यावरही राहतात. म्हणून मी ब्रश न करणाऱ्या मुलाच्या तारा अर्ध्यात काढून ठेवलेल्या आहेत, आईला राग आला तरी. फ्लोराइडची पेस्ट, जेवणानंतर चूळ, रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. चिक्की, कडक लाडू, चकली, ऊस दातांनी सोलणं, हाडं चघळणं बंद, ब्रॅकेट निघतात. आणि पारदर्शक रबरी रिंगा आपल्या हळदीनं दोनच दिवसांत पिवळ्या होतात, त्यासाठी मुली हिरमुसतात, तर राखाडी नाहीतर रंगीत रिंगा मागून घ्या. अलाइनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर चढवायचे पारदर्शक साचे, चांगले आहेत, पण दिवसाचे २०-२२ तास घातले तरच, आणि समोरासमोर तपासणी, एक्स-रे आणि हिरडीची मोजणी झाल्यावरच. घरपोच अलाइनर पाठवणारी अमेरिकेतली एक मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि कित्येकांच्या ट्रीटमेंट अधांतरी राहिल्या, तेव्हा पार्सलनं दात सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

डॉक्टर निवडताना बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय का ते बघा, तीन वर्षांचा वेगळा अभ्यास आहे तो. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं, मुंबई महापालिकेचं नायर डेंटल, गोव्यात बांबोळीचं डेंटल कॉलेज इथे हेच काम बरंच कमी पैशात होतं, फेऱ्या जास्त आणि थांबावं लागतं, पण प्रत्येक केसवर वरिष्ठ डॉक्टरांची नजर असते.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे दात नव्या जागेवर धरून ठेवणारं उपकरण, घालायचा, आणि किती दिवस या प्रश्नाचं उत्तर मी "दात जागेवर हवेत तोपर्यंत" असंच देते, पहिलं वर्ष कडक आणि मग रात्रीपुरता. तुमच्या वयात खालच्या दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवलेली बरी. लेकीला रिटेनरची डबी दप्तरात ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, हॉटेलात जेवताना टिश्यूत गुंडाळून ठेवतात आणि वेटर ताटासोबत उचलून नेतो, माझ्याकडचे हरवलेले निम्मे रिटेनर असेच गेलेत. तूर्तास लेकीचा ओपीजी (सगळे दात आणि जबडे एकत्र दिसणारा एक्स-रे) आणि बाजूनं काढलेला चेहऱ्याचा एक्स-रे काढून घ्या, आणि तुम्ही स्वतः आधी दात साफ करून हिरडी मोजून घ्या, टाळूवरच्या त्या ठशांचा मोबाइलवर फोटो काढा आणि डॉक्टरांना तो पहिला दाखवा.